उणे त्र्याऐंशी

१२ नोव्हेंबर, बुधवार. काम — आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या भिंतीला वीस फुटी पाइप उभा करणे, त्यावर अँटेना बसवणे, केबल आत घेऊन राउटर चालू करणे आणि साडेतीनच्या जीपने मोलगीला परतणे. माझ्या कामाच्या वहीत त्या तारखेला एवढंच लिहिलेलं आहे. त्याच्याखाली दुसऱ्या शाईने ८३ हा आकडा आहे आणि त्याच्याभोवती तीन गोल काढलेत. ते गोल कशाचे, हे सांगायला आज बसलेय.

इथले, म्हणजे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, पण जेवताना वाचते. घाटातली बाई, पिंपळावरचा माणूस, बंद खोलीतला पाळणा... वाचायचं, हसायचं, ताट उचलायचं. विश्वास कधीच नव्हता. सत्तावीस वर्षं लोकांच्या छपरांवर चढतेय. बंद टीव्हीतून कोणीतरी बोलतं म्हणून ज्यांनी भगत बोलावला होता, त्यांच्या घरी जाऊन सैल झालेली वायर घट्ट करून आलेली बाई आहे मी. भगताला नारळ मिळाला, मला चहा. आवाज माझ्यामुळे थांबला.

तर माझी ओळख. नंदुरबारला दुकान आहे, मिरची बाजाराच्या रस्त्यावर. हंगामात मिरचीच्या गाड्या दारावरून जातात आणि आम्ही शिंकत शिंकत सोल्डरिंग करतो. हे काम मला उस्तादांनी शिकवलं — हमीदचाचा, गावातले जुने रेडिओ मेकॅनिक. त्यांच्या दुकानात मी बिलं लिहायला लागले होते, दोन वर्षांत छपरावर गेले. आधी टीव्हीच्या अँटेना, मग डिश, मग कॅमेरे. आता डोंगरातून नवीन काम येतं. सातपुड्यात टॉवर लांब आणि मध्ये डोंगर, त्यामुळे हातातल्या फोनला रेंज मिळत नाही. अशा ठिकाणी उंच पाइपावर माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना लावायची, तिचं तोंड टॉवरकडे करायचं आणि केबल आतल्या सिमच्या राउटरला जोडायची. मग राउटरच्या वायफायवरून साधा फोनही लागतो. यात बूस्टर वगैरे काही नाही. बूस्टरला परवानगी नसते आणि मी तो लावत नाही. हे नुसते लांबचं ऐकणारे कान आहेत.

उस्तादांचे दोन नियम होते, ते इथेच सांगते, पुढे लागतील. पहिला — अँटेना पूर्ण गोल फिरवून पाहिल्याशिवाय नट आवळायचा नाही, टॉवर कुठे आहे हे कितीही माहीत असलं तरी. दुसरा चहाचा. या कामाला दोन माणसं लागतात. एक वर पाइप फिरवतो, दुसरा खाली बसून सांगत राहतो — आलं, गेलं, थोडं मागे. उस्ताद म्हणायचे, “जो नीचे से बोलता, चाय पहले उसकी.” वरच्याला नुसतं ऊन लागतं, खालच्याला अक्कल लागते, असं त्यांचं मत. आमच्याकडे आजही काम संपल्यावर पहिला कप खालच्याच्या हातात जातो, मग तो घरमालकाचा नातू असला तरी.

उपकेंद्राच्या गावाचं नाव देत नाही. मोलगीहून जीपने पाऊण तास आणि पुढे वीस मिनिटं पायवाट. दोन खोल्यांची पक्की इमारत, वर पत्रा. पुढे एक दार, मागे दार नाही. बाजूला जाळीची एक खिडकी, तिच्या खाली थेट उतार. तिथल्या नर्स वळवी सिस्टर, नवापूरकडच्या, तिशीच्या आतल्या, एकट्या राहतात. घरी कोकणी बोलतात — इकडच्या कोकणा आदिवासींची, गोव्याची नव्हे — आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. वस्ती सगळी पावरा लोकांची, बोली पावरी. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं, त्यामुळे पाड्यावर म्हातारी माणसं, लेकरं आणि काही बायका एवढेच उरलेले.

ही अँटेना सिस्टरांनी अर्जावर अर्ज करून मिळवली होती. तोवर तिथली सोय म्हणजे वरच्या टेकडीवरचं मोहाचं झाड. त्याच्या एका फांदीला एक कांडी रेंज यायची, म्हणून तिथे प्लास्टिकच्या पिशवीत एक फोन कायमचा टांगलेला. काही झालं की कोणीतरी चाळीस मिनिटं चढून त्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला कळवायचं. गेल्या पावसाळ्यात एका बाईच्या बाळंतपणाच्या वेळेला झाड गाठेपर्यंत उशीर झाला. बाई वाचली, मूल गेलं. आणि आता रुमली नावाच्या एका बाईचे दिवस भरत आले होते. बावीस वर्षांची, नवरा ऊसतोडीला, रक्त कमी, बीपी वरखाली. सिस्टरांच्या भिंतीवरच्या यादीत तिचं नाव लाल पेनाने सगळ्यात वर.

“ताई, तीन आठवडे आहेत तिला,” सिस्टर मला केबल उलगडायला मदत करताना म्हणाल्या, “पण ती तारीख पाळेल असं वाटत नाही. आज फोन लागलाच पाहिजे.”

मी म्हटलं, लागेल. मी असं म्हणत नाही सहसा.

आता पद्धत समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यात आहे. माझा एक जुना फोन आहे, फक्त या कामाचा. त्यातलं ॲप राउटरला जोडलं की सिग्नलचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतं आणि दर पाच सेकंदांनी वेळेसकट नोंदवूनही ठेवतं. हा आकडा उणे असतो. उणे सत्तर म्हणजे झकास, उणे शंभर म्हणजे ओढाताण, उणे एकशे वीस म्हणजे रामराम. म्हणजे आकडा जेवढा लहान तेवढं चांगलं. पहिल्यांदा वाचायला बसलेला प्रत्येक माणूस इथे चुकतो. प्रत्येक. एकशे दहाचे एकशे अठरा झाले की खालून आनंदाने ओरड येते — वाढलं, वाढलं.

फोन मी शिडीवर नेत नाही. दोन्ही हात पाइपाला लागतात. तोरणमाळला एकदा नेला होता, तो खाली शेणात पडला आणि त्या दिवसापासून त्याचा स्पीकर मेला. आकडे दिसतात तेवढे पुरे म्हणून मी तो दुरुस्तही केला नाही. हे लक्षात ठेवा.

बाराच्या सुमारास पाइप उभा झाला. फोन आत टेबलावर, राउटरशेजारी, पुस्तकाला टेकवून. सिस्टर खुर्चीवर. मी मागच्या भिंतीला शिडीवर. भिंत आणि पत्रा यांच्यात वीतभर फट आहे, तिच्यातून आतलं बोलणं हातभर अंतरावरून यावं तसं स्पष्ट ऐकू येत होतं. होकायंत्र लावून मी अँटेनाचं तोंड मोलगीच्या टॉवरकडे केलं. दक्षिणेला. मध्ये डोंगराची एक सोंड आडवी, पण तिच्यावरून काहीतरी येईल असा अंदाज.

“एकशे चौदा,” आतून सिस्टर. मग, “ताई, वाढलं! एकशे सतरा!”

मी वरून सांगितलं की सिस्टर, हे बीपीसारखं समजा, वाढलं की वाईट. त्या हसल्या. म्हणाल्या, मग आम्ही दोघी एकाच पेशंटच्या मागे आहोत.

एकशे चौदाच्या खाली काही जाईना. वर वारा होता आणि पाइप डुलत होता, म्हणून मी आधी ताण द्यायच्या तारांचं काम उरकायचं ठरवलं. खाली उतरले, इमारतीच्या मागे खडकाळ जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायला लागले. तीन खुंट्या, पाचेक किलोचा घण. त्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ठोकून झालं, तारा ओढल्या, पुन्हा शिडीवर चढले आणि फटीतून हाक दिली, “सिस्टर, सांगा बरं, किती?”

मग आवाज आला.

“एकशे चौदा.”

आवाज जरा जड होता. घाई नसलेला. मला वाटलं, ओरडून घसा बसला असेल. मी पाइप बोटभर सरकवला.

“एकशे तेरा.”

आणखी बोटभर.

“एकशे बारा.”

घड्याळ बघितलं तर साडेबारा होत आलेले. साडेतीनची जीप चुकली तर मुक्काम. मी स्वतःशीच म्हटलं, एकशे बारावर फोन लागतो, तुटत तुटत लागतो पण लागतो. आणि मी पाना नटाला लावला. होय, उस्तादांचा पहिला नियम मी त्या दिवशी मोडत होते. तेवढ्यात आतून,

“पुरा गोल फिराव.”

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, “फिराई ऱ्हायनी ना.” चिडून. दमले होते, आणि चूक आपली असली की चीड जास्त येते.

आता तुमच्यातले जे नंदुरबार-धुळ्याकडचे असतील ते इथेच थांबले असतील. बाकीच्यांसाठी सांगते. ही अहिराणी. माझी घरची बोली. आईशी हीच बोलायचे, नवऱ्याशी, भाजीवाल्याशी आजही हीच बोलते. आणि घरच्या बोलीचं असं असतं की ती बोली म्हणून ऐकूच येत नाही, नुसतं बोलणं म्हणून ऐकू येतं. कोणी माझ्याशी मराठीत बोललं तर मला ते मराठी म्हणून कळतं. अहिराणीत बोललं तर फक्त काय म्हणाले ते कळतं. म्हणून मला त्या क्षणी काहीही वावगं वाटलं नाही. मी नट सैल केला आणि पाइप फिरवायला लागले.

पश्चिमेकडे — “एकशे अठरा.” “एकशे एकवीस.” मग “काहीच नही.” बराच वेळ काहीच नही. उत्तरेकडे तोंड झालं. उत्तरेला दरी आहे आणि दरीपलीकडे एक उभा काळा कडा. त्या बाजूला टॉवर नाही. त्या बाजूला नर्मदेपर्यंत काही नाही. मी नियम म्हणून फिरवत होते, आशा म्हणून नाही.

“एकशे नऊ.”

मी थांबले.

“आखो थोडं.”

थोडं आणखी फिरवलं.

“एकशे एक.”

माझे हात घामाने घसरायला लागले. खरं सांगते, इतक्या वर्षांनीही तो क्षण तसाच असतो. तुम्ही आंधळ्यासारखे हवेत चाचपडत असता आणि अचानक कशाला तरी हात लागतो.

“शहाण्णव.” “अठ्ठ्याऐंशी.” “एक्क्याण्णव. जराखं मांगे.”

केसभर मागे घेतलं.

“चौऱ्याऐंशी.”

मी श्वास रोखून अँटेनाचं नाक किंचित वर उचललं, कारण कडा उंच होता.

“त्र्याऐंशी,” आतून आलं. आणि मग, शांतपणे, “आते ऱ्हाऊ दे. हालू नको.”

मी हलले नाही. दोन्ही नट आवळले, तिसरा आवळला. दरीकडे तोंड करून मोठ्याने हसले. त्र्याऐंशी! या डोंगरात! मोलगीच्या बाजारात उभं राहून मिळत नाही एवढं! मी दोन-दोन पायऱ्या सोडत शिडी उतरले — एकोणपन्नासाव्या वर्षी हे करू नये — आणि पुढच्या दाराकडे पळत गेले. म्हटलं, या बाईला आज मी माझ्या हाताने चहा करून देणार.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

लहान नाही. सरकारी, पितळी, मुठीएवढं. मी ते हातात धरून ओढलंसुद्धा. मग हाक मारली. मग खिडकीशी गेले. तिथे उभं राहायला जागा नाही, कडेच्या दगडावर एक पाय ठेवून जाळीतून बघितलं. टेबल, रिकामी खुर्ची, राउटरचे सगळे दिवे हिरवे, पुस्तकाला टेकलेला माझा फोन. आतल्या खोलीचं दार उघडं, तिथली खाट दिसत होती. ती रिकामी.

भीती वाटली का? नाही वाटली. तेव्हा वेळच नव्हता. कारण मी जाळीला नाक लावून उभी असतानाच पायवाटेवरून माणसांचा आवाज आला. चार बायका बांबूला बांधलेली झोळी खांद्यावर घेऊन येत होत्या, पुढे गावची आशा सेविका गुलाबीबाई आणि झोळीशेजारी पळत वळवी सिस्टर. झोळीत रुमली.

सिस्टरांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत शिरता शिरता मला एकच विचारलं.

“ताई, लागतो का?”

मी म्हटलं, “लागतो. लावा.”

त्यांनी त्यांचा फोन वायफायला जोडला. मी तुम्हाला सांगते, मी पैठणी नेसून लग्नाला उभी राहिले तेव्हा एवढी धडधड झाली नव्हती. पहिल्याच रिंगला पलीकडून ॲम्ब्युलन्सवाल्यांचा आवाज. सिस्टरांनी गावाचं नाव सांगितलं, किती महिने, रक्त जातंय, बीपी किती. मग लगेच डॉक्टरांना फोन. डॉक्टर एकेक गोष्ट सांगत गेले, सिस्टर फोन स्पीकरवर ठेवून दोन्ही हातांनी करत गेल्या. मधे एकदाही आवाज तुटला नाही. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून राउटरच्या दिव्यांकडे बघत होते, जणू मी डोळे काढले तर ते विझतील. दीड तासाने गुलाबीबाई बाहेरून सांगत आली की खाली रस्त्यावर गाडी दिसतेय. त्याच चार बायकांनी पुन्हा झोळी उचलली. सिस्टर रुमलीला गाडीत घालून, सोबत गुलाबीबाईला पाठवून परत आल्या, तोवर साडेतीनची जीप गेलेली होती. रात्री त्याच राउटरवर निरोप आला. पुढे नंदुरबारला नेलं, ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. डॉक्टरांनी सिस्टरांना एवढंच म्हटलं की झाडापर्यंत चढत बसला असता तर मी हा निरोप दिला नसता.

पण त्याच्या आधी, सिस्टर रस्त्यावरून परतून पायरीवर बसल्या तेव्हा मी विचारलं, “सिस्टर, तुम्ही मला आकडे सांगून कधी गेलात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “मी सव्वाबारालाच गेले, ताई. गुलाबीबाई पळत आली. मी तुम्हाला हाक मारून सांगितलं, तुम्ही ठोकत होतात. मला वाटलं ऐकलंत.”

“आणि दार?”

“कुलूप लावलं. आत औषधं असतात, वर माकडं. सवयीने लावलं. मग वाटेत आठवलं की तुमचा फोन आत राहिला.”

त्यांनी डायरी काढून दाखवली. रुमलीच्या घरी बीपी घेतल्याची वेळ लिहिलेली होती — १२.३०. तिथे चार-पाच बायकांनी त्यांना पाहिलेलं.

मी आत गेले आणि माझ्या जुन्या फोनवरची नोंद उघडली. बारा चोवीसला एकशे चौदा. मग एकशे तेरा. एकशे बारा. मग एकशे अठरा, एकशे एकवीस, मग रिकामी जागा. बारा एकेचाळीसला एकशे नऊ. एकशे एक, शहाण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, चौऱ्याऐंशी. बारा सत्तेचाळीसला त्र्याऐंशी, आणि तिथून खाली सरळ त्र्याऐंशी, त्र्याऐंशी, त्र्याऐंशी. जे मी ऐकलं होतं ते तसंच, त्याच क्रमाने. एकही आकडा इकडचा तिकडे नाही.

सिस्टरांना मी सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. “ताई, मला इथे एकटीला राहायचंय. काय सांगायचं ते उद्या जीपमध्ये बसताना सांगा. आणि शक्यतो जीप सुरू झाल्यावर.”

आता तुमच्या शंका. सगळ्या मी आधीच स्वतःला विचारल्यात, पण घ्या.

फोनच बोलला असेल? त्याचा स्पीकर दोन वर्षांपूर्वी शेणात गेला. आणि ॲपला बोलता येत नाही. माझ्या मुलाने त्यातलं एकेक बटण उघडून बघितलं.

उन्हाने माझं डोकं फिरलं असेल? नोव्हेंबरचं ऊन. बरं, फिरलं असं धरू. पण फिरलेल्या डोक्याला बंद खोलीतल्या फोनवरचे आकडे कसे दिसले? ते तर नोंदीत आहेत.

गावातलं कोणी खिडकीतून बघून सांगत असेल? खिडकीखाली उतार आहे आणि फोनची पाठ खिडकीकडे होती. शिवाय अहिराणी बोलणारं त्या पाड्यात कोणी नाही. मी नंतर गुलाबीबाईला विचारलं, तर ती तोंडावर पदर धरून हसली. म्हणाली, तिकडची बोली इकडे फक्त तूच घेऊन आलीस.

टॉवर नसलेल्या बाजूने सिग्नल कसा? हे एकच कोडं मला सुटलंय. समोरचा कडा. कुठल्यातरी टॉवरचा सिग्नल त्या उभ्या कातळावर आपटून उलटा येतोय, विहिरीत हाक मारली की यावी तसा. असं होतं, पुस्तकातही आहे. त्याचं मला कौतुक आहे, नवल नाही. पूर्ण गोल फिरवलं म्हणून सापडलं. नवल हे की फिरवायला मला कोणी सांगितलं.

उस्ताद बोलले असतील, असं म्हणू नका. त्यांचा नियम खरा, पण आवाज बाईचा होता. माझ्या वयाची किंवा थोडी मोठी. आई? आईला आकडे वाचता येत नव्हते. सासू? सासूबाई ठणठणीत आहेत, त्या वेळी नंदुरबारला ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या आणि दुपारभर माझ्या नावाने बोटं मोडत होत्या, हे शेजारणीने सांगितलं. नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “तुन्हा आवाज ऐकीसनी भूत बी कामले लागनं.” त्याच्याकडून जास्त अपेक्षा नव्हती.

मला राहून राहून एकच गोष्ट आठवते. ती बाई एकदाही चुकली नाही. अठ्ठ्याऐंशीवरून एक्क्याण्णव झाले तेव्हा “वाढलं” म्हणाली नाही, “मांगे” म्हणाली. तिला उणे आकडा कळत होता. कधी थांबायचं ते कळत होतं. सत्तावीस वर्षांत या कामात माझ्या बरोबरीची बाई मला एकही भेटलेली नाही. म्हणून म्हणते, भीती नाही वाटली. मला फक्त तिला भेटायचं होतं.

मुक्काम उपकेंद्रातच केला. रात्री काहीही झालं नाही. गाढ झोपले.

सकाळी उजाडल्यावर पुन्हा शिडी लावली. सिस्टरांना खुर्चीवर बसवलं आणि मुद्दाम अँटेना टॉवरच्या बाजूला वळवली. “एकशे चौदा, ताई!” कोवळा, उंच आवाज, स्वच्छ मराठी. कड्याकडे वळवली. “त्र्याऐंशी, ताई! कमी म्हणजे चांगलं ना?” हा तो आवाज नव्हता, कुठल्याही अंगाने नव्हता. मी नट आवळले, दुसरा क्लॅम्प टाकला आणि पाइप व क्लॅम्प दोन्हींवरून लाल रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे वाऱ्याने हललं तर लगेच कळेल.

खाली आले. सिस्टरांनी स्टोव्हवर चहा ठेवला होता. मी फडताळातून कप काढले, पुसले आणि ओट्यावर मांडले. तीन.

सिस्टर कपांकडे बघत राहिल्या. मी त्यांना रात्रभर काहीच सांगितलेलं नव्हतं, जीप अजून यायची होती. मी म्हटलं, आमच्या कामात खालून आकडे सांगणाऱ्याला चहा आधी द्यायचा असतो. आजचे तुम्ही सांगितले, तुमचा आहे. कालचा राहिलाय.

त्यांनी चहा गाळला. तिसरा कप उचलून राउटरशेजारी नेऊन ठेवला, रिकाम्या खुर्चीसमोर. मग साखरेचा डबा हातात घेऊन वळल्या आणि अगदी हळू विचारलं,

“ताई, साखर किती?”

मी म्हटलं, “दोन चमचे घाला. आमच्याकडची आहे, गोडच पीत असेल.”